डायलिसिस पुरेसं होतंय का? रिपोर्टमधले आकडे घरच्या माणसानं कसे वाचायचे

माझी आई २०१८ पासून डायलिसिसवर आहे. आमचं गाव भिलवडीजवळ, कृष्णेच्या काठाला. आठवड्यातून तीनदा सांगलीला यायचं, मशीनवर झोपायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचं. पहिले सात-आठ महिने महिन्याचा रिपोर्ट हातात आला की मी एकच ओळ शोधायचो, क्रिएटिनिनची. ते ९ वरून ७ वर आलं की घरी फोन करायचो, "आईला फरक पडतोय." त्याच महिन्यांत आईचं जेवण निम्म्यावर आलं होतं. रात्री अंगाला खाज सुटायची. भाकरीचा घास तोंडात घेतला की तांब्याचं भांडं चाटल्यासारखं लागतंय म्हणायची.

मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत कारकून आहे. दिवसभर आकड्यांत असूनही आईच्या फाईलमधला नेमका आकडा कुठला पाहायचा, हे कळायला मला जवळपास वर्ष लागलं. तुमच्या घरात कुणाचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं असेल, तर ते वर्ष तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहितोय. वेळ वाढवायचा, औषध बदलायचं, किती पाणी काढायचं, हे किडनीच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण त्यांच्यासमोर बसताना नेमकं काय विचारायचं, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

१. आधी क्रिएटिनिनवरून लक्ष काढा

क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, ते तयार होतं स्नायूंमधून. डायलिसिस नीट झालं तर ते उतरतं, आणि माणूस खंगत चालला, स्नायू झडले, तरीही उतरतं. आईचं ७ झालं ते दुसऱ्या कारणानं. मी मात्र आनंदाची बातमी म्हणून ते सगळ्या नातेवाइकांना सांगत होतो.

डायलिसिसच्या आधीच्या युरियाचंही तसंच. युरिया येतो आपण खाल्लेल्या प्रथिनांतून. डाळ, अंडी, मासे, दूध पोटात जात असेल तर डायलिसिसआधीचा युरिया वाढलेला दिसणारच. पेशंट दोन घास खाऊन उठत असेल तर तो कमी दिसेल, आणि घरचे म्हणतील, "बघा, पथ्याचा गुण आला." म्हणून एकट्या आकड्यावरून काही ठरवू नका. एका सेशनच्या आधी रक्तात किती युरिया होता आणि त्याच सेशननंतर किती उरला, या दोन आकड्यांची तुलना हेच खरं माप.

शरीरातलं विष म्हणजे एकटा युरिया नव्हे. पण तो मोजायला सोपा आणि स्वस्त आहे, आणि शरीरातल्या सगळ्या पाण्यात पसरलेला असतो. म्हणून सफाई किती झाली हे त्याच्यावरून धरतात.

२. जवळ काय काय हवं

- दोनशे पानी वही. सुटे कागद हरवतात.
- सेशन चालू असताना सिस्टर किंवा टेक्निशियन जो तक्ता भरतात (वजन, बीपी, पंपाचा वेग, काढलेलं पाणी), त्याचा दर वेळी मोबाईलवर फोटो.
- एकाच दिवशीचे युरियाचे दोन रिपोर्ट, डायलिसिसच्या आधीचा आणि नंतरचा.
- डॉक्टरांनी ठरवलेलं ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन.
- डायलायझर (मशीनला लावलेली, रक्त गाळणारी नळी) कुठल्या आकाराचा आहे आणि आज कितव्यांदा वापरला.
- मोबाईलमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर. बऱ्याच मोबाईलवर कॅल्क्युलेटर आडवा धरला की तो उघडतो.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी बघून ठेवा. काही लॅब 'युरिया' देतात, काही 'बीयूएन'. दोन्ही एकाच पदार्थाची मापं आहेत, पण बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया येतो. आधीचा रिपोर्ट एकात आणि नंतरचा दुसऱ्यात असेल तर सगळं गणित फसतं. दोन्ही नमुने एकाच लॅबला द्या.

३. रक्त कसं घेतात ते शेजारी उभं राहून बघा

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण आमची फसगत इथंच झाली.

आईच्या पहिल्या तपासणीत डायलिसिसआधीचा युरिया आला १५०, नंतरचा १४. म्हणजे ९१ टक्के सफाई. मी खूश. पुढं मिरजेच्या एका डॉक्टरांकडं दुसरं मत घ्यायला गेलो. त्यांनी रिपोर्ट बघितला, आईचे खाजवून लाल झालेले हात बघितले आणि विचारलं, "नंतरचं रक्त कुठल्या नळीतून घेतलं?" मला सांगता येईना. त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या, एक लाल पेनानं, एक निळ्या. लाल नळीतून शरीरातलं रक्त मशीनकडं जातं. निळ्या नळीतून डायलायझरमध्ये धुतलेलं रक्त शरीरात परत येतं. आईचं 'नंतरचं' रक्त निळ्या नळीतून घेतलेलं होतं. आत्ताच धुऊन निघालेल्या रक्तात युरिया कमी असणारच! पुढच्या खेपेला नमुना नीट घेतला तेव्हा १५० च्या जागी उरला होता ६०. सफाई ९१ टक्के नव्हतीच, ६० होती.

योग्य पद्धत अशी:

आधीचा नमुना सुई टोचल्यावर लगेच, सलाईन किंवा हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आत जाण्यापूर्वी घ्यायचा. सलाईन मिसळलं तर युरिया खोटाच कमी येतो आणि डायलिसिस आहे त्यापेक्षा वाईट झाल्यासारखं दिसतं. मानेत कॅथेटर (डायलिसिससाठी शिरेत बसवलेली नळी) असेल तर त्यात भरून ठेवलेलं हेपॅरिन आणि पहिलं थोडं रक्त काढून टाकून मग नमुना घेतात.

नंतरचा नमुना सेशन संपताना घ्यायचा. आधी पाणी काढणं बंद करायचं, रक्ताच्या पंपाचा वेग मिनिटाला १०० मिलिलिटरवर आणायचा, साधारण १५ सेकंद थांबायचं आणि मग लाल नळीतून रक्त घ्यायचं. पंप हळू का करायचा? फिस्टुलात (सुया टोचण्यासाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) दोन सुया जवळजवळ असल्या की धुतलेलं थोडं रक्त लगेच पुन्हा लाल नळीत ओढलं जातं. पंप हळू केल्यावर हे मिसळणं थांबतं आणि शरीरातलं खरं रक्त हाती लागतं.

उलट बाजूनंही चूक होते. मशीन सोडल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं, खाली लॅबमध्ये जाऊन हातातून रक्त दिलं, तर तोवर पेशींमधला युरिया रक्तात उतरलेला असतो आणि आकडा वाढलेला दिसतो. आणि सोमवारचं आधीचं रक्त, बुधवारचं नंतरचं, असली जोडी लावू नका. दोन्ही एकाच सेशनची हवीत.

बघत उभं राहिलं तर सिस्टर रागावतील, अशी मला भीती होती. तसं झालं नाही. "सिस्टर, आज केटी बाय व्हीचं रक्त आहे ना, पंप हळू करून लाल नळीतून घ्याल का?" एवढंच विचारायचं. (केटी बाय व्ही म्हणजे डायलिसिस किती पुरलं याचं माप, ते पुढं पाचव्या भागात येतं.) एकाच वेळी सात-आठ पेशंट सांभाळणाऱ्या माणसाला वेळेवर कुणी आठवण केली तर बरंच वाटतं.

४. यूआरआर: पहिलं, सोपं गणित

युरिया किती टक्के कमी झाला, त्याला यूआरआर म्हणतात. आधीच्या आकड्यातून नंतरचा वजा करा, आधीच्या आकड्यानं भागा, १०० ने गुणा.

आईचं तेव्हाचं: १५० वजा ६०, म्हणजे ९०. ९० भागिले १५०, म्हणजे ६० टक्के.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल तर हा आकडा निदान ६५ हवा, ७० च्या आसपास असला तर चांगलं. रोजच्या नजरेला एवढं पुरतं. पण सेशनमध्ये तीन लिटर पाणी काढलं की एक लिटर, हे यूआरआरला कळत नाही. पाण्याबरोबरही युरिया बाहेर जातो, तो यात धरला जात नाही. म्हणून पुढचं माप.

५. केटी बाय व्ही म्हणजे काय

नाव ऐकून घाबरू नका. 'के' म्हणजे डायलायझर मिनिटाला किती मिलिलिटर रक्त युरियापासून पूर्ण साफ करतो. 'टी' म्हणजे किती मिनिटं. 'व्ही' म्हणजे शरीरात एकूण पाणी किती. मिनिटाला २०० मिलिलिटर, २४० मिनिटं, म्हणजे ४८ लिटर साफ झालं. अंगात ३२ लिटर पाणी असेल तर ४८ भागिले ३२, उत्तर १.५. अंगातल्या पाण्याच्या दीडपट सफाई झाली.

इथं प्रत्येकाला पडणारा प्रश्न मलाही पडला: दीडपट साफ झालं तर रक्तात युरिया उरतोच कसा? आमच्या स्वयंपाकघरात मी स्वतःला असं समजावलं. पातेलंभर ताक नळाखाली ठेवा. वरून पाणी पडतंय, काठावरून सांडतंय. एक पातेलंभर पाणी पडून झालं तरी आतलं पांढरं असतंच, कारण सांडतं ते ताक आणि पाणी मिसळलेलं. पातेल्याइतकंच पाणी पडल्यावर ३७ टक्के ताक आत उरतं. शरीरातही धुतलेलं रक्त न धुतलेल्यात मिसळत राहतं. म्हणून १ हा आकडा पुरत नाही.

लक्ष्य असं आहे: आठवड्यातून तीन सेशन असतील तर प्रत्येक वेळी १.४ गाठायचा प्रयत्न करायचा आणि १.२ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. अमेरिकेतल्या किडनीतज्ज्ञांच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच आकडे आहेत. हे माप मांडलं गॉच आणि सार्जंट या दोघांनी, १९८५ साली. रक्ताच्या दोन नमुन्यांवरून ते काढायचं जे सूत्र आज सगळीकडं वापरतात, ते डॉगिर्डास यांचं, १९९३ चं. बऱ्याच लॅब आणि केंद्रं ते आपोआप काढून देतात. तरी एकदा हातानं करून बघा, म्हणजे कुठला आकडा कशावर परिणाम करतो ते कळेल.

आईचा पुढचा, सुधारलेला हिशेब घेतो. आधीचा युरिया १४०, नंतरचा ४२, वेळ ४ तास, काढलेलं पाणी २.५ लिटर, डायलिसिसनंतरचं वजन ५२ किलो.

- नंतरचा भागिले आधीचा: ४२ भागिले १४० = ०.३०
- तास गुणिले ०.००८: ४ गुणिले ०.००८ = ०.०३२. हे ०.३० मधून वजा करा: ०.२६८
- कॅल्क्युलेटरवर ०.२६८ टाकून 'एलएन' लिहिलेली कळ दाबा. उणे १.३१७ येईल. उणेचं चिन्ह सोडून द्या: १.३१७
- ०.३० गुणिले ३.५ = १.०५. हे ४ मधून वजा करा: २.९५
- पाणी भागिले वजन: २.५ भागिले ५२ = ०.०४८. याला २.९५ ने गुणा: ०.१४२
- दोन्हींची बेरीज: १.३१७ अधिक ०.१४२ = १.४६

आईचा जुना हिशेब (१५० चे ६०, साडेतीन तास, ३ लिटर पाणी, वजन तेवढंच) याच रीतीनं केला की १.१४ येतो. १.१४ आणि १.४६ यांतला फरक म्हणजे खाज सुटणारी रात्र आणि झोप लागलेली रात्र. आमच्या घरात तरी तसंच होतं.

काही नव्या मशीनच्या पडद्यावर केटी बाय व्ही चालू सेशनमध्येच दिसतो. उपयोगाचा आहे, पण त्यात भरलेलं वजन किंवा पाण्याचं माप चुकीचं असेल तर आकडाही चुकतो. महिन्यातून एकदा रक्ताची तपासणी करून त्याच्याशी ताडून पाहा.

आकडा वाढवतच नेला तर आयुष्य वाढतं का, हाही प्रश्न येतो. अमेरिकेत १,८४६ रुग्णांवर झालेला हेमो नावाचा मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांत १.३ च्या आसपासचा गट आणि १.७ च्या आसपासचा गट यांच्या जगण्यात एकूण ठळक फरक दिसला नाही. म्हणून १.४ मिळत असेल तर १.८ साठी जीव काढू नका. १.१ मिळत असेल तर मात्र गप्प बसू नका.

६. आकडा कमी आला: कुठं शोधायचं

आधी वेळ. आणि वेळेत खोट सहसा आपलीच असते. आमची होती. साडेपाचची एसटी चुकली तर पुढची अंधार पडल्यावर. आई तीन तास झाले की टेक्निशियनला म्हणायची, "दादा, सोडा की आता, म्हशीची धार राहिलीया." आणि मीही मान डोलवायचो. दर सेशनला अर्धा तास. आठवड्याला दीड तास, म्हणजे चार तासांच्या एका सेशनचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग आम्ही आमच्या हातानं कापत होतो. नंतर शेजारच्या पोरानं धार काढायचं कबूल केलं, आणि मी साहेबांना सांगून त्या तीन दिवशी लवकर निघून मोटारसायकलनं आईला न्यायला लागलो. दुसरं काही न बदलता आकडा वर सरकला. मशीन किती वाजता सुरू झालं आणि किती वाजता बंद झालं हे वहीत घड्याळ बघून लिहा. तक्त्यावरच्या 'चार तासां'मध्ये मधेच मशीन वाजून थांबलेली पंधरा मिनिटंही असतात.

मग रक्ताचा वेग. पंपाचा आकडा मिनिटाला २५० ते ३५० मिलिलिटरच्या दरम्यान असतो. कुणाला किती झेपेल ते डॉक्टर ठरवतात. २५० नं चार तास म्हणजे ६० लिटर रक्त फिरलं, ३०० नं ७२ लिटर. बऱ्याच मशीनवर शेवटी 'एकूण किती लिटर रक्त फिरलं' हा आकडा दिसतो. तो रोज टिपा. नेहमी ७० च्या आसपास असणारा आकडा एखाद्या दिवशी ५५ दिसला तर त्या दिवशी काहीतरी अडलं होतं. कधी बीपी पडलं म्हणून वेग कमी केलेला असतो, कधी नळी ओढत नाही म्हणून.

तिसरं, फिस्टुला. रोज सकाळी त्यावर तीन बोटं ठेवा. पिठाची गिरणी चालू असताना भिंतीला हात लावला की जशी बारीक थरथर लागते, तशी लागली पाहिजे. थरथर मंद झाली, किंवा नुसताच ठोका लागायला लागला, किंवा सुई काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागायला लागला, तर आत कुठंतरी अरुंद झालंय अशी शंका घ्यायची. थरथर अजिबात लागत नसेल तर त्याच दिवशी दाखवा, पुढच्या पाळीची वाट बघू नका. त्या हाताला बीपी नको, सलाईन नको, घागर नको, त्यावर डोकं ठेवून झोपणं नको. मानेतल्या कॅथेटरवर बऱ्याचदा वेग कमी मिळतो. फिस्टुला करायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर लांबवू नका, कारण तो तयार व्हायलाच काही आठवडे जातात.

चौथं, डायलायझर. आपल्याकडं तोच धुऊन पुन्हा वापरतात, आणि पद्धतशीर केलं तर ते चालतं. धुतल्यावर त्यातल्या बारीक नळ्यांची एकूण जागा मोजतात. ती मूळच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी झाली की तो टाकून द्यायचा असतो. 'आज कितवा वापर आणि मोजमाप किती आलं?' हे विचारायला लाजू नका. त्यावर आपल्याच पेशंटचं नाव आहे ना, हे तर दर वेळी डोळ्यांनी बघा. सेशन संपल्यावर डायलायझर लालसर, गुठळ्या धरलेला दिसला तर हेपॅरिन कमी पडतंय का, हे डॉक्टरांना विचारा.

पेशंट वजनानं भारी असेल तर वर सांगितलेला 'व्ही' मोठा असतो. शेजारच्या पलंगावरच्या ४५ किलोच्या ताईंना चार तासांत मिळतं ते ८० किलोच्या माणसाला तेवढ्यात मिळणार नाही. त्यांना मोठा डायलायझर, जास्त वेग किंवा जास्त वेळ लागतो.

७. आकडा बरा, पण माणूस बरा नाही

असंही होतं. केटी बाय व्ही फक्त युरियाची गोष्ट सांगतो. अंगातलं पाणी, पोटॅशियम, फॉस्फरस, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

पाण्याचा हिशेब वजनकाट्यावर. ड्राय वेट ५२ असताना पेशंट ५५.५ वर आला तर साडेतीन लिटर काढायचे. किती वेगानं काढायचं याला मर्यादा आहे: किलोमागे तासाला १३ मिलिलिटरच्या वर जाऊ नये असं धरतात. ५२ किलोला चार तासांत ते येतं २.७ लिटर. त्यापुढं ओढलं की पोटऱ्यांत गोळे, बीपी खाली, ओकारी. मग पंप हळू, मशीन लवकर बंद, आणि केटी बाय व्हीही खाली. म्हणून ही दोन मापं वेगळी असली तरी एकमेकांत अडकलेली आहेत. आमच्याकडं कारण सापडलं भडंगात. सांगलीत राहून भडंग सोडणं सोपं नाही, पण त्यातल्या मिठानं तहान लागते, आणि पाणी प्यायलं की वजन वाढतं. पेशंटला 'पाणी कमी पी' म्हणण्याआधी लोणचं, पापड आणि भडंगाचा डबा वरच्या फळीवर ठेवा.

पोटॅशियमसाठी आपल्या भागात बेदाण्याकडं लक्ष ठेवा. तासगावचं कुणी पाहुणं आलं की किलोभर बेदाणे येतातच. बेदाणे, नारळपाणी, केळी, टोमॅटोचं सार, काकवी, यांतून पोटॅशियम चढतं आणि ते हृदयावर जातं. फॉस्फरस तर शरीरातून सावकाश निघतो, त्याला वेळच लागतो, आणि फॉस्फरसची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची असते. जेवणानंतर तासाभरानं घेतली तर फुकट.

लघवी अजून होत असेल तर ती मोजून ठेवा, चोवीस तासांची, महिन्यातून एकदा. उरलेली किडनी जे काम करते ते डायलिसिसला जोड असतं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या हीच जोड संपवतात.

८. आठवड्यातून दोनदाच होत असेल तर

खर्च, अंतर, बरोबर यायला माणूस नाही, अशा कारणांनी आपल्याकडं पुष्कळ जण दोनदाच घेतात. १.२ आणि १.४ हे आकडे तीनदाचे आहेत. दोनदा घेणाऱ्याला प्रत्येक वेळी १.४ आला तरी आठवड्याची बेरीज पुरत नाही, लघवीवाटे बऱ्यापैकी सफाई होत असली तरच भागतं. 'माझा आकडा तर चांगला आहे' असं म्हणून तिसरं सेशन सोडू नका. डॉक्टरांना सरळ विचारा: माझ्या लघवीचा हिशेब धरून आठवड्याचं एकूण पुरेसं आहे का?

पोटातून होणाऱ्या पेरिटोनियल डायलिसिसचं माप वेगळं. तिथं चोवीस तासांत पोटातून काढलेलं सगळं पाणी आणि लघवी तपासून आठवड्याचा केटी बाय व्ही काढतात. तो निदान १.७ हवा. एखादी पिशवी ओतून दिली आणि नमुन्यात धरली नाही तर आकडा चुकतो.

९. योजना आणि प्रवास

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड, आधारकार्ड, किडनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि अलीकडचे रिपोर्ट घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांसाठी २०१६ पासून पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे, तो सरकारी रुग्णालयांतून चालतो. युरियाच्या दोन तपासण्या त्यात धरल्यात की बाहेर पैसे भरून कराव्या लागतील, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. डायलिसिसच्या रुग्णांना एसटीतही सवलत आहे, कागद कुठले लागतात ते आगारात विचारा.

१०. फाईलची दुसरी प्रत घराबाहेर ठेवा

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा आईचं डायलिसिस सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. सांगलीतच पाणी, रस्ते बंद. आईला मामांकडं विट्याच्या बाजूला हलवलं, आणि तिकडच्या एका केंद्रात पाळी मिळेपर्यंत सहा दिवस गेले. त्या सहा दिवसांत आम्ही फळं पूर्ण बंद केली, भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिलं आणि पिण्याचं पाणी वाटीनं मोजलं. असा खंड पडतोय असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पाय जड पडणं, छाती धडधडणं किंवा आडवं झाल्यावर दम लागणं सुरू झालं तर पाळीची वाट न बघता जे जवळ असेल त्या मोठ्या रुग्णालयात जा.

नव्या केंद्रानं पहिल्यांदा मागितले ते हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट. त्याशिवाय कुठलं मशीन द्यायचं हे ठरत नाही. आमची फाईल घरातल्या लोखंडी कपाटात, तळच्या खणात होती, आणि कपाट छातीभर पाण्यात. रक्त पुन्हा दिलं, रिपोर्ट यायला संध्याकाळ झाली, तोवर आई बाकावर बसून होती.

आता या गोष्टींचे फोटो माझ्या मोबाईलमध्ये, बहिणीच्या मोबाईलमध्ये आणि मामांच्या मुलाकडं आहेत: हे तिन्ही रिपोर्ट, तारखेसकट. ड्राय वेट. डायलायझरचा आकार. हेपॅरिनचं प्रमाण. पंपाचा नेहमीचा वेग. शेवटचे तीन केटी बाय व्ही. औषधांची यादी. फिस्टुला कुठल्या हाताला आहे ते. लग्नाला किंवा पंढरपूरला जायचं असलं की त्या गावच्या केंद्राला हे आधी पाठवतो, पाळी पक्की करतो आणि मगच तिकीट काढतो.